ओपन रेल्सवर सेटल–कार्लाइल: फुकटचं सिम्युलेटर, झिजलेलं 'के' आणि कधीच न रुसणारा इंजेक्टर

लॅपटॉपचं 'के' गेलं. चहा सांडला नाही, मुलांनी उपटलं नाही. झिजून गेलं. ओपन रेल्समध्ये पहिल्या इंजेक्टरचं (बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या यंत्राचं) पाणी वाढवायचं बटण 'के' आहे आणि गेले कित्येक महिने रात्रीचं जेवण झालं की मी उत्तर इंग्लंडच्या डोंगरात बॉयलरला पाणी पाजत बसतो. सर्व्हिस सेंटरवाल्याचं म्हणणं, एक बटण बदलता येत नाही, वरचं अख्खं पॅनल बदलावं लागेल, आणि हे वॉरंटीत बसत नाही. "सर, नेमकं काय टाइप करता तुम्ही?" असंही विचारलं. सांगितलं असतं तर त्याने वॉरंटीचं कार्डच फाडलं असतं. तापकीर गल्लीतून सगळ्यात स्वस्त यूएसबी की-बोर्ड आणला आणि विषय मिटवला. सिम्युलेटर फुकट, त्यावरचा आजवरचा खर्च हा एवढाच.

ओपन रेल्स म्हणजे काय, हे इथे येणाऱ्यांना ठाऊक असेलच. मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या ट्रेन सिम्युलेटरचे मार्ग आणि डबे वाचणारा, रसिकांनीच बांधलेला मोफत, ओपन सोर्स प्रोग्रॅम. माझ्याकडे ती जुनी मूळ सीडी होती. पैसे घेणारी नवी सिम्युलेटरं दिसायला कितीतरी देखणी आहेत, पण तिथे मार्ग वेगळा, इंजिन वेगळं, कधी डबेही वेगळे विकत घ्यायचे. सेलची वाट बघत बसायचा माझा पिंड नाही. घरात सीडी आहे, त्यात सेटल–कार्लाइल आहे, बस्स.

या मार्गाबद्दल थोडं, कारण पुढचं रडगाणं त्याशिवाय कळायचं नाही. मिडलँड रेल्वेला स्कॉटलंडकडे जायला स्वतःची वाट हवी होती, म्हणून त्यांनी पेनाइन डोंगरातून सुमारे ७२ मैलांचा हा लोहमार्ग काढला. मालगाड्या १८७५ला सुरू झाल्या, प्रवासी गाड्या १८७६च्या मे महिन्यात. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल, ब्ली मूरचा दीड मैलाचा बोगदा, आणि सगळ्यात उंच जागा एस गिल, ११६९ फूट. चढ १०० फुटांना १ फूट. बोरघाटाची सवय असलेल्याला हे वाचून हसू येईल. आपल्याकडे ३७ला १ आहे आणि कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिन लागतं. पण मिडलँडला इथून एक्स्प्रेस पळवायच्या होत्या, म्हणून चढ मुद्दाम सौम्य ठेवला, आणि तो सौम्य चढ मैलोन्‌मैल संपतच नाही. तिकडच्या रेल्वेवाल्यांत त्याला लाँग ड्रॅग म्हणतात. बोरघाटात इंजिन एकदाच जीव खाऊन ओढतं. इथे तासभर हळूहळू दमतं.

मूळ सीडीत या मार्गावर फ्लाइंग स्कॉट्समन दिलं आहे, तेही १९२०च्या दशकातल्या गाडीला. पहिल्याच आठवड्यात मी यावर तावातावाने बोललो होतो. १९२३ साली डॉनकास्टरला बांधलेलं हे इंजिन एलएनईआर कंपनीचं, पूर्व किनाऱ्याचं; हा मार्ग तेव्हा एलएमएस या दुसऱ्याच कंपनीकडे होता. म्हणजे पश्चिम रेल्वेची गाडी कसाऱ्याला उभी. माझा तेव्हाचा निष्कर्ष: पोस्टरवर ओळखीचा चेहरा हवा म्हणून इतिहास गुंडाळला. आता मत थोडं मवाळ झालंय. जतन केलेलं हेच इंजिन पुढे या मार्गावर खरोखर अनेकदा धावलं. ईडन ब्राउज इथे दरड सरकून मार्ग बंद पडला होता, तो ३१ मार्च २०१७ला पुन्हा खुला झाला तेव्हाची खास गाडीही यानेच ओढली. दशक चुकलं, रूळ बरोबर आहेत. शिवाय तीन सिलिंडरचं मोठं इंजिन असल्याने नवशिक्याला सांभाळून घेतं.

आणि तिथेच माझा सुरुवातीचा महिना वाया गेला. स्वयंचलित फायरमन चालू होता. तो कोळसा टाकतो, पाणी भरतो, दाब राखतो, तक्रार करत नाही. ड्रायव्हरने 'ए', 'डी'ने रेग्युलेटर (वाफेची मुख्य झडप) आणि 'डब्ल्यू', 'एस'ने रिव्हर्सर (पुढे-मागेचा दांडा) हलवायचा आणि झाडं बघायची. झाडं म्हणजे दोन सपाट चित्रं एकमेकांत खुपसलेली. बघण्यासारखं काही नाही. तेव्हा मी मित्राला सांगितलं होतं की वाफेचं इंजिन म्हणजे धूर सोडणारं डिझेल आहे. तो फायरमन बंद केल्यावर हे वाक्य मी परत घेतलं.

हाताने भट्टी सांभाळायला लागल्यावर कळतं की वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरचा वेग हा फायरमनने वीस मिनिटांपूर्वी घेतलेला निर्णय असतो. एफ५ दाबलं की पडद्यावर वाफ किती बनतेय आणि किती खर्च होतेय, हे दर तासाला किती पौंड वजनाची वाफ अशा हिशेबात दिसतं. चढावर कट-ऑफ, म्हणजे दर फेरीला सिलिंडरमध्ये वाफ किती वेळ सोडायची ते प्रमाण, थोडा वाढवला की खर्चाचा आकडा वर उडी मारतो, आणि उत्पादनाचा आकडा सरकारी फायलीसारखा आपल्या गतीने येतो. आता जास्त कोळसा टाकला तर आग आधी दबते, मग फुलते. हे सगळं या फुकट प्रोग्रॅममध्ये आहे आणि चोख आहे.

आता इंजेक्टर. चालत्या पंपाशिवाय, बॉयलरच्याच वाफेने बॉयलरच्याच दाबाविरुद्ध पाणी आत ढकलायचं ही युक्ती आंरी जिफार या फ्रेंच माणसाने १८५८ साली काढली. वाफ निमुळत्या नळीतून सुसाट सुटते, थंड पाणी ओढून घेते, स्वतः त्यात विरते आणि तो वेग पाण्याला मिळतो. ऐकायला जादू, वागायला लहरी. पाणी कोमट झालं, कुठे हवा शिरली, नळीचं तोंड झिजलं, कचरा अडकला की इंजेक्टर 'धरत' नाही. पाणी आत जाण्याऐवजी खाली रुळांवर सांडतं. मग फायरमन झडप बंद करतो, उघडतो, हातोडीने ठोकतो, दुसरा इंजेक्टर लावतो. तोवर गेज ग्लासमधलं, म्हणजे बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं, पाणी उतरत असतं. फायरबॉक्सचं छत उघडं पडलं तर वितळणारी शिशाची गुडदी हा शेवटचा इशारा.

माझ्याकडे ओपन रेल्समधला इंजेक्टर एकदाही रुसलेला नाही. बटण दाबलं की पाणी आत. थंड पाण्याने दाब उतरतो हे बरोबर दाखवलंय, त्यामुळे चढावर पाणी की दाब हा पेच खरा आहे. पण यंत्र मात्र नव्या नळासारखं आज्ञाधारक. सिम्युलेटरमध्ये चुका शंभर असतील. सावल्या तुटक पडतात, स्थानकावरची माणसं ठोकळ्यासारखी आहेत, त्याचं मला काही नाही. हे मात्र डाचतं, कारण याच मार्गावर, याच एका गोष्टीपायी, माणसं मेली आहेत.

२ सप्टेंबर १९१३ची पहाट. कार्लाइलहून दोन एक्स्प्रेस लागोपाठ दक्षिणेकडे निघाल्या. मिडलँड छोटी इंजिनंच वापरायची. पहिल्या गाडीच्या इंजिनाची मर्यादा २३० टनांची, मागे लावले २४३ टन. ड्रायव्हरने जोडीला दुसरं इंजिन मागितलं, मिळालं नाही. कोळसा चुऱ्याने भरलेला, आग धरेना, दाब घसरत गेला आणि गाडी एस गिलच्या माथ्याच्या अलीकडे अर्ध्या मैलावर उभी राहिली. थांबा काही मिनिटांचाच आहे अशा समजुतीत मागे चालत जाऊन पाठीमागून येणाऱ्या गाडीला धोक्याची खूण करायचं राहिलं. मागची गाडी हलकी होती, वर येत होती. तिचा ड्रायव्हर चालत्या इंजिनाच्या कडेकडेने जाऊन तेल घालून आला. त्या काळी ही रीतच होती. परत येतो तर फायरमन इंजेक्टरशी झगडतोय आणि बॉयलरमधलं पाणी खाली गेलंय. दोघंही त्यात गुंतले. तेवढ्यात मॅलरस्टँगचे लाल सिग्नल मागे पडले. टक्कर, गॅसच्या दिव्यांमुळे आग, १६ मृत्यू. त्याच परिसरात हॉज जंक्शनला १९१०च्या २४ डिसेंबरला झालेल्या टकरीत १२ जण गेले होते, तिथेही डब्यांत गॅसच होता.

ती रात्र उभी करायचा मी प्रयत्न केला. रसिकांनी बनवलेलं मिडलँडचं ४-४-० जातीचं (पुढे चार छोटी चाकं, मग चार मोठी) मोफत इंजिन उतरवलं, मागे २४३ टनांच्या जवळ जाईल अशी डब्यांची ओळ लावली, वेळ रात्रीची. इथे या प्रोग्रॅमवर मनापासून फिदा झालो. इंजिनाची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि तिच्यात कोळशाच्या उष्मांकाचा आकडा टाकता येतो. तो खाली आणला. चुऱ्याचा कोळसा तयार. पैसे घेऊन कुलूपबंद माल विकणाऱ्यांनी हे दाखवावं.

पहिली गाडी अगदी कागदोपत्री लिहिल्याप्रमाणे दमली. ऑर्मसाइडनंतर दाब उतरायला लागला, पाणी घातलं की आणखी उतरला, नाही घातलं तर काच रिकामी. व्हॅक्यूम ब्रेक सुटे ठेवायलाही इजेक्टरला (ब्रेकच्या नळीतली हवा ओढून घेणाऱ्या यंत्राला) वाफच लागते. दाब फार पडला की ब्रेक आपोआप घासायला लागतात, म्हणजे दमलेल्याच्या पायात बेडी. गाडी माथ्याआधी थांबली तेव्हा मी खुर्चीत उठून बसलो होतो. दुसरी गाडी मात्र जमत नाही. ती रात्र ज्यावर फिरली तो इंजेक्टर इथे बिघडायलाच तयार नाही. पाणी मुद्दाम बंद ठेवून बघितलं, पण ते नाटक. स्वतःच बटण न दाबून मग घाबरायचं कसं?

इथवर लिहून लेख बाजूला ठेवला होता, मधल्या काळात एक भर पडली. सर्व्हिस सेंटरला ज्याचा उलगडा झाला नाही ते 'के' आता अर्धवट चालतं. तीन दाबांत एकदा लागतं, तेही त्याच्या मर्जीने. एका रात्री यूएसबी की-बोर्ड काढून ठेवला आणि लॅपटॉपच्याच बटणांवर दुसरी गाडी घेतली. कर्कबी स्टीफनच्या पुढे पाणी उतरलं, 'के' लागेना, मी बटण ठोकत बसलो, आणि मान वर केली तेव्हा सिग्नल कुठला गेला ते मला सांगता आलं नसतं. तेव्हा इंजेक्टरबद्दलची तक्रार कायम आहे, पण पॅनल बदलायचा विचार मी सोडलाय.

ज्यांना घ्यायचं आहे त्यांच्यासाठी: विंडोज लागतं, जुना लॅपटॉप चालतो, पंखा मात्र बोंबलतो. चित्रासारखा देखावा हवा असेल तर इकडे फिरकू नका. नुसती गाडी हाकायची असेल तर स्कॉट्समन आणि स्वयंचलित फायरमन पुरे. वाफ समजून घ्यायची असेल तर छोटं इंजिन घ्या, कार्लाइलहून दक्षिणेकडे निघा, फायरमन बंद करा. माथा ओलांडताना पाणी पुढे कलतं आणि काच अचानक रिकामी दिसते हे डोक्यात ठेवून आधीच जास्त भरून चला. ऑर्मसाइडपासून माथ्यापर्यंत साधारण १५ मैल उसंत नाही, म्हणून काच ॲपलबीलाच भरून घ्या. त्यापुढे घातलेला प्रत्येक थेंब दाबातून वजा होतो.