पणजीतलं टाइल-मोझेकचं वर्कशॉप, तीन स्टार, त्यातले अडीच स्लाइड शोला

रविवारी पणजीत एक दिवसाचं टाइल-मोझेकचं वर्कशॉप केलं, फी बाराशे, त्यात चहा आणि भाजी-पाव. बुकिंग सुनेचं, म्हणाली आई तुम्ही रिटायर झाल्यापासून घरातच असता, जाऊन या. गेले बापडी.

सकाळचा तासभर नुसता स्लाइड शो. बार्सिलोना म्हटलं की सगळे गाउदी गाउदी करतात, शिकवणाऱ्या मुलीने मात्र घेतला लुईस डोमेनेक इ मॉन्टानेर (1849-1923), तोही आर्किटेक्ट आणि जन्माने बार्सिलोनाचाच. त्याचा 1908 चा कॉन्सर्ट हॉल दाखवला, पालाउ दे ला मुसिका, छतातून रंगीत काचेचा उलटा घुमट खाली लोंबतो, छानच आहे, पण मी अडकले ती त्याच्या सान्त पाउ हॉस्पिटलात. तीस वर्षं वॉर्डात काढलीत हो मी.

पैसा पाउ जिल नावाच्या बँकरने मृत्युपत्रात ठेवलेला, काम सुरू 1902 ला, संपलं 1930 ला, तोवर डोमेनेक गेलेला, मग त्याच्या मुलाने पुरं केलं. एकच मोठी बिल्डिंग नाही, बागेत सुटे सुटे पॅव्हिलियन, 48 ठरले होते पण तेवढे झाले नाहीत, एका बाजूला बायका एका बाजूला पुरुष, वारा-उजेड मिळावा म्हणून अख्खा नकाशा शहराच्या रस्त्यांना 45 अंशात तिरका, आणि सगळं जोडणारे बोगदे जमिनीखाली, म्हणजे पेशंटला न्यायचं तर बाहेर यायलाच नको. जूनच्या पावसात एका हाताने छत्री धरून स्ट्रेचर ढकललाय त्यालाच ते कळेल. आणि वॉर्डातले कोपरे गोल! भिंतीला टाइल, छतालाही टाइल. काटकोनी कोपऱ्यात पोछा पोचत नाही, तिथे काळी रेघ बसते ती बसतेच, मावशींना ओरडून काय उपयोग. त्या माणसाला हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. 2009 पर्यंत तिथे पेशंट होते म्हणे, आता तिकीट काढून बघतात.

दुपारचं प्रॅक्टिकल मात्र ढिसाळ. चौदा जणांत हातोड्या दोन, ग्लोव्ह्ज पातळ, माझं बोट कापलं, आणि फर्स्ट एड बॉक्समध्ये नुसती एक्सपायर झालेली मलमं, शेवटी माझ्याच पर्समधली पट्टी लावली. फुटक्या टाइल्सच्या कामाला तिकडे त्रेंकादीस म्हणतात असं ती सांगत होती, मी म्हटलं बाय, माझ्या साखळीच्या माहेरी सोप्याची जमीन अशाच चिनी तुकड्यांची आहे, लहानपणी पालथी पडून त्यात बशीच्या काठाची निळी फुलं शोधायचे. तर तिने लगेच फोन काढून पत्ताच विचारला, फोटो काढायला येणार म्हणे.

माझी पाटी अजून ओली आहे, एक तुकडा हलतोय. जाणार असाल तर जाड ग्लोव्ह्ज घरून न्या.