डेडवुड: तिसऱ्या सीझनचा शेवट की २०१९ चा चित्रपट?

सोन्याच्या खाणींच्या गावावरची ‘डेडवुड’ ही अमेरिकी मालिका २००६ मध्ये बंद पडली, तेव्हा कथा १८७७ पर्यंत आली होती. खाणमालक हर्स्टवर गोळी झाडणाऱ्या ट्रिक्सीला वाचवायला सलूनमालक अल निरपराध जेनचा जीव घेतो आणि तिचं प्रेत ट्रिक्सीचं म्हणून दाखवतो. हर्स्ट गाव सोडतो, अल लाकडी जमिनीवरचं रक्त घासत राहतो. जिव्हारी लागणारा शेवट, पण हर्स्टचा हिशेब बाकीच.

११० मिनिटांचा चित्रपट तो चुकता करतो. १८८९ मध्ये सिनेटर हर्स्ट परततो. त्याला टेलिफोनच्या खांबांसाठी गावकरी चार्ली अटरची जमीन हवी असते. मार्शल बुलक अखेर हर्स्टला अटक करतो. मात्र सगळं घाईत उरकतं, आणि अलचा प्रतिस्पर्धी साय टॉलिव्हर नाहीच: ती भूमिका करणारे पॉवर्स बूथ २०१७ मध्ये वारले. तरी खंगलेल्या अलसाठी आम्ही चित्रपटच निवडू. आधी छत्तीसही भाग बघा. नुसत्या फ्लॅशबॅकवर नाती उमगत नाहीत.