शिकारी आणि ससा: बग्ज बनीच्या चार लघुपटांपैकी आधी कोणता बघावा?

बंदूक घेतलेला शिकारी एल्मर फड बग्ज बनी या सशाच्या मागे लागतो आणि शेवटी स्वतःच रडकुंडीला येतो. ही एकच गोष्ट वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओने इतक्या वेळा सांगितली, की नवख्या माणसाला सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. इथे चार लघुपट घेतले आहेत. प्रत्येक साधारण सात-आठ मिनिटांचा, म्हणजे चारही मिळून अर्धा तास. पण त्यांचा क्रम चुकला तर त्यातला सर्वोत्तम लघुपटच फिका वाटतो.

‘अ वाइल्ड हेअर’ २७ जुलै १९४० रोजी आला. दिग्दर्शक टेक्स एव्हरी, सशाचा आवाज मेल ब्लँक, शिकाऱ्याचा आर्थर क्यू. ब्रायन. त्याआधी १९३८च्या ‘पोर्कीज हेअर हंट’मध्ये याच स्टुडिओचा एक ससा दिसला होता, पण तो सतत उड्या मारणारा, खिदळणारा, नुसताच वेडापिसा होता. एव्हरीने त्याला शांत केलं आणि तिथेच सगळं पालटलं. आपल्या गोष्टीतला ससा पाठीवर पान पडलं तरी ‘आभाळ पडलं, पळा पळा’ म्हणत धावत सुटतो. हा ससा मात्र बंदूकवाल्यासमोर गाजर चावत उभा राहतो आणि विचारतो, ‘व्हॉट्स अप, डॉक?’ हा ‘डॉक’ म्हणजे काही डॉक्टर नव्हे. एव्हरी टेक्सासचा, त्याच्या शाळेतली पोरं एकमेकांशी असंच बोलत. आपल्याकडचं ‘काय राव, काय चाललंय?’ त्याच्या सगळ्यात जवळ जातं.

यातला बिळाचा प्रसंग दोनदा बघाच, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. शिकारी बिळाच्या तोंडाशी गाजर ठेवतो. बिळातून फक्त एक हात येतो, जमीन चाचपतो, गाजर सापडताच झडप घालून आत नेतो. पुन्हा येतो तेव्हा बोटांना बंदुकीची नळी लागते. टिचकी मारून लोखंड असल्याची खात्री होते आणि मग तोच हात उरलेलं गाजर गुपचूप जागेवर परत ठेवतो. चेहरा नाही, शब्द नाही, तरी लोभ, शंका आणि भीती या तिन्ही गोष्टी नेमक्या पोचतात. अॅनिमेशन शिकणाऱ्याने हा हात चौकट-चौकट करून बघावा. हात कुठे थांबतो आणि किती वेळ थांबतो, सगळा विनोद त्यात आहे. या लघुपटाला ऑस्करचं नामांकनही होतं. उणीव एवढीच की आजच्या मुलांना याची चाल संथ वाटू शकते.

‘रॅबिट फायर’ (१९ मे १९५१, दिग्दर्शक चक जोन्स, कथा मायकल माल्टीझ) बरोबर उलट्या बाजूला बसतो. इथे डोळे मिटून बघा. बंदूकवाल्या एल्मरसमोर डॅफी बदक म्हणतं शिकारीचा हंगाम सशाचा आहे, बग्ज म्हणतो बदकाचा. दोघं आळीपाळीने तेच बोलत राहतात, लय ठरून जाते, आणि बग्ज अचानक आपली बाजू सोडून ‘सशाचा हंगाम’ म्हणतो. डॅफी सवयीने उलट ओरडतं, ‘बदकाचा हंगाम! झाड गोळी!’ आणि गोळी त्यालाच लागते. हरवायला युक्ती लागलीच नाही, समोरच्याची वाद घालायची खोड पुरली. लेखकांसाठी चारांतला हाच सगळ्यात मोलाचा. याच धर्तीवर ‘रॅबिट सीझनिंग’ (१९५२) आणि ‘डक! रॅबिट, डक!’ (१९५३) आले, तेही चांगले आहेत, पण आधी हा.

मात्र दोन अडचणी आहेत. सगळा खेळ संवादांच्या ठेक्यावर आहे, त्यामुळे भाषांतरात एक अक्षर जरी लांबलं तरी विनोद पडतो. मूळ इंग्रजी आवाजातच बघावा. दुसरं, डॅफीवर पुन्हा पुन्हा गोळी झाडली जाते आणि प्रत्येक वेळी चोच भलतीकडे फिरते. अमेरिकेत काही वाहिन्यांनी असे क्षण कापून दाखवले. तसं झालं की चोच का फिरली हेच कळत नाही. लहान मूल सोबत असेल तर आधी स्वतः बघून ठरवा, कापलेली प्रत दाखवू नका.

इंग्रजी न येणाऱ्या मुलासाठी निवड सोपी आहे: ‘रॅबिट ऑफ सेव्हिल’ (डिसेंबर १९५०, दिग्दर्शक पुन्हा जोन्स). पाठलाग रंगमंचावर पोचतो, पडदा उघडतो, वादक संगीतकार रॉसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ (सेव्हिलचा न्हावी) या ऑपेराची, म्हणजे गाण्यातून चालणाऱ्या नाटकाची, सुरावट सुरू करतात आणि ससा न्हावी होतो. टकलावर हातापायांनी मालिश, खुर्च्यांची वर चढत जाणारी शर्यत, कुऱ्हाडीपासून तोफेपर्यंत वाढत जाणारी शस्त्रं, सगळं तालावर. बोलणं थोडंच, तेही बहुतेक गाण्यात. हा मात्र आवाज कमी करून बघू नये, अर्धा लघुपट जातो.

‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ (६ जुलै १९५७) चारांत सर्वश्रेष्ठ आहे आणि म्हणूनच तो शेवटी. जर्मन संगीतकार वाग्नरच्या भव्य ऑपेरांचा सगळा थाट या सात मिनिटांत कोंबला आहे. मॉरिस नोबलने योजलेलं जांभळं-लाल आभाळ, उंच खांब, त्यात इवलासा एल्मर. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली. पण पहिल्यांदाच हा बघितला तर ‘हे इतके गंभीर का?’ असा प्रश्न पडतो. कारण धागा १९४०चा आहे. तेव्हा ससा मरायचं सोंग करतो, एल्मर हंबरडा फोडतो आणि ससा मागून येऊन त्याला लाथ घालतो. सतरा वर्षांनी एल्मर खरोखर जिंकतो, मेलेल्या सशाला हातांवर उचलून रडत चालू लागतो, आणि ससा मान वर करून प्रेक्षकांनाच विचारतो की ऑपेरात सुखान्त अपेक्षित होता का. जुनं रडणं ठाऊक असेल तरच हे रडणं आत लागतं.

तेव्हा मोठ्यांनी १९४०, १९५१, १९५०, १९५७ या क्रमाने जावं. मुलांसोबत ‘सेव्हिल’ पहिला, ‘रॅबिट फायर’ इंग्रजी नीट कळायला लागल्यावर.

बघताना टीव्हीचं ‘झूम’ किंवा ‘स्ट्रेच’ बंद ठेवा. चित्र जवळपास चौकोनी आहे, ताणलं की ससा लठ्ठ दिसतो आणि झूम केलं की कान कापले जातात. ‘अ वाइल्ड हेअर’ शोधताना प्रतही तपासा, कारण १९४४च्या पुनर्प्रदर्शनात नावाची मूळ पाटी गेली. खूण ध्वनीतही आहे: ससा मागून डोळे झाकून ‘ओळख कोण’ विचारतो तेव्हा एल्मर जी नावं घेतो, त्यात मूळ प्रतीत कॅरोल लोम्बार्ड आहे. ही अभिनेत्री जानेवारी १९४२मध्ये विमान अपघातात गेली, म्हणून नंतरच्या प्रतीत तिथे बार्बरा स्टॅनविकचं नाव भरलं. लोम्बार्ड ऐकू आलं तर योग्य प्रत हाती लागली आहे.