खसखशीऐवजी बुआ करास: आठ महिन्यांनंतर

सिंगापुरात खसखस विकत मिळत नाही आणि भारतातून आणताही येत नाही. इथे ती अमली पदार्थांच्या खात्यात मोडते. हे इथे राहायला आल्यावर कळलं आणि माझं मटणाचं वाटणच पोरकं झालं. शेवटी शेजारच्या मलय माकचिक (आपल्याकडच्या मावशीच) मला वेट मार्केटात घेऊन गेल्या आणि पांढुरक्या, गोलसर बियांचं पाकीट हातात ठेवलं. बुआ करास, म्हणजे कडक फळ. कवच इतकं टणक की बिया सोललेल्याच विकतात. इंडोनेशियात यालाच कमिरी म्हणतात.

कच्ची खायची नाही, हे माकचिकनी दोनदा बजावलं होतं. तरी मी वाटताना अर्धी बी तोंडात टाकलीच. दुपार कशी गेली विचारू नका. झाड एरंडाच्या कुळातलं आहे हे नंतर वाचलं, मग सगळा उलगडा झाला!

आता पद्धत बसली आहे. चौघांच्या रश्श्याला चार-पाच बिया, मंद आचेवर कोरड्याच फिकट सोनेरी होईपर्यंत भाजायच्या, कांदा-खोबऱ्याबरोबर वाटायच्या आणि रस्सा चांगला उकळू द्यायचा. दाटपणा खसखशीपेक्षा काकणभर सरसच. चव किंचित कडवट, पण गरम मसाल्यात लपते. जास्त घातल्या तर लपत नाही.

तक्रार एकच, आणि ती मोठी आहे. बी तेलाने गच्च भरलेली असते, त्यामुळे लवकर खवट होते. दुसरं पाकीट एका दुकानातून स्वस्तात आणलं, त्याने अख्खं मटण वाया घालवलं. तेव्हापासून वास घेतल्याशिवाय घेत नाही, घरी आणलं की थेट फ्रीजरमध्ये.

कमिरीचं तेल इंडोनेशियात केसांना लावतात, म्हणून तेही तीन महिने लावलं. केस मऊ झाले. वाढले असं काही म्हणवत नाही.

दिवाळीत एक उद्योग केला. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी हे झाड होडीतून हवाईला नेलं. तिथे ते कुकुई झालं आणि 1959 पासून ते राज्यवृक्ष आहे. तिथले लोक बिया माडाच्या हिरात ओवून पेटवायचे; वरची जळत आली की खालची पेट घ्यायची. मीही झाडूतला एक हीर उपटला, तीन बिया ओवल्या आणि बाल्कनीत लावल्या. जळतात हो, खरंच! पण काजळी इतकी की भिंत पुसावी लागली. हवाईत त्याच काजळीने गोंदायचे. भाजलेल्या बिया मीठ घालून कुटल्या की त्याचं 'इनामोना' होतं, ते कच्च्या मासळीवर घालतात. एकदा करून पाहिलं. मला गरम भातावर तूप घालून जास्त आवडलं.

रश्श्यासाठी डोळे मिटून घ्या. अनारसे मात्र अजून पुण्याहूनच, तेही तिळावर थापलेले.