रत्नागिरीतली ट्रेडमार्क सेवा: कागद चोख, तारखा तुम्हीच सांभाळा

एखाद्या टीव्ही वाहिनीने तुमच्या छोट्या वेबसाइटच्या नावाच्या ट्रेडमार्क अर्जाला विरोध नोंदवला, तर रत्नागिरीतल्या या सल्लागाराकडे जायला हरकत नाही. पहिला प्रश्न नेमका असतो: नाव कधीपासून वापरात? ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 34 साठी (आधीपासूनच्या वापराला संरक्षण) तुमचा वापर वाहिनीचा वापर आणि नोंदणी या दोन्हींच्या आधीचा हवा. डोमेनचं पहिलं बिल, ग्राहकांच्या जुन्या पावत्या ते स्वतः मागून घेतात. समजा तुमची हापूस विकणारी साइट वर्ग 35 (विक्री सेवा) मध्ये आणि वाहिनी वर्ग 38 (प्रसारण) मध्ये, म्हणून निर्धास्त राहू नका. सुप्रसिद्ध चिन्हाला वर्गाबाहेरही संरक्षण असतं.

ढिलाई पुढे. विरोधाची नोटीस मिळाल्यापासून 2 महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे विरोधाला लेखी उत्तर, हवं (ऑनलाइन शुल्क वर्गामागे 2700 रुपये), नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. मुदतवाढ नाही. आणि या सल्लागाराच्या ऑफिसात गणपतीत ईमेलसुद्धा कुणी उघडत नाही!