स्किलशॉप: जाहिरात विक्रीत उतरणाऱ्याला कितपत उपयोगी?

जाहिरात विक्रीत करिअर करायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो ‘स्किलशॉपचं सर्टिफिकेट काढून ठेव’ हा. गूगलचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे आणि कुठूनही करता येतो. सल्ला चांगलाच आहे, पण अर्धा. स्किलशॉप शिकवतं ते जाहिरात विकत घ्यायला, आणि आपल्याला बसायचंय टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. हे डोक्यात ठेवून अभ्यास केलात तर भरपूर पदरात पडतं.

आधी परीक्षेचं. प्रत्येक विषयाला 75 मिनिटं, पास व्हायला 80 टक्के, सर्टिफिकेटची मुदत एक वर्ष. नापास झालात तर एक दिवस थांबून पुन्हा बसता येतं. घड्याळ सुरू झालं की मध्ये थांबवता येत नाही, त्यामुळे नेटचा भरवसा नसेल त्या दिवशी बसूच नका. लॉगिन स्वतःच्या खासगी गूगल खात्यावरून करा. ऑफिसच्या ईमेलवरून परीक्षा दिली की नोकरी सोडताना ते खातं बंद होतं आणि सर्टिफिकेटही हातातून जातं. एजन्सीवाले हा कागद मागतात त्याला कारण आहे. गूगल पार्टनरचा बिल्ला हवा असेल तर कंपनीच्या निदान निम्म्या अकाउंट स्ट्रॅटेजिस्टकडे, म्हणजे क्लायंटची जाहिरात खाती सांभाळणाऱ्यांकडे, हे सर्टिफिकेट असावं लागतं.

सुरुवात सर्चपासून, म्हणजे गूगलवर शोधताना दिसणाऱ्या जाहिरातींपासून, करा. ब्रॉड, फ्रेज आणि एक्झॅक्ट हे कीवर्डचे तीन मॅच टाइप (कीवर्ड शोधाशी किती सैल किंवा काटेकोर जुळवायचा ते), लिलावात जाहिरातींचा क्रम कसा ठरतो, क्वालिटी स्कोअरमध्ये, म्हणजे गूगल जाहिरातीच्या दर्जाला देतं त्या गुणांत, काय काय बघतात, हा सगळा भाग फार नीट समजावलाय. ‘जास्त बोली लावेल तोच वर, बरोबर ना?’ असं क्लायंट हमखास विचारतो. जाहिरातीचा शोधाशी मेळ आणि लँडिंग पेजचा (क्लिक केल्यावर उघडतं त्या पानाचा) अनुभव यांनाही वजन असतं, हे तेव्हा दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

पण खरं सोनं आहे ते मेजरमेंटच्या, म्हणजे जाहिरातीचा परिणाम मोजण्याच्या, विषयात. रुक्ष म्हणून बरेच जण तो सोडतात, आणि तिथेच चुकतात. दरावरून घासाघीस करणाऱ्या क्लायंटच्या मनात असतं एवढंच, की माल किती खपणार. समजा सीपीएम, म्हणजे हजार इम्प्रेशनचा (जाहिरात हजार वेळा दिसण्याचा) दर, 100 रुपये आहे आणि 4 लाख इम्प्रेशन घ्यायची आहेत. खर्च 40,000. क्लिकचं प्रमाण अर्धा टक्का धरलं तर क्लिक 2,000. त्यातल्या 2 टक्के लोकांनी खरेदी केली तर गिऱ्हाइकं 40, म्हणजे एकामागे 1,000 खर्च. क्लायंटला एका विक्रीत 800 सुटत असतील तर तो तोट्यात. तुम्ही घाबरून 10 टक्के सूट दिलीत तरी एका गिऱ्हाइकाचा खर्च 900 वर येऊन थांबतो, तोटा तसाच. उलट त्याचं पेज सुधारून खरेदीचं प्रमाण 3 टक्क्यांवर गेलं तर गिऱ्हाइकं 60 होतात आणि खर्च 667 च्या आसपास येतो. हे गणित क्लायंटसमोर कागदावर मांडता येणं हीच या धंद्यातली मोठी कमाई. स्किलशॉप त्यातले घटक शिकवतं, मांडणी तुम्हाला करावी लागते.

दोष सांगायचा तर अभ्यासक्रम विक्रेत्यानेच लिहिलाय, आणि ते जाणवतं. प्रश्न कुठलाही असो, उत्तर ऑटोमेशनकडे, म्हणजे काम गूगलच्या यंत्रणेवर सोपवण्याकडे, झुकतं. परीक्षेत तसं उत्तर द्या, पण छोट्या बजेटच्या क्लायंटला तेच डोळे झाकून सांगू नका. खात्यात महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कन्व्हर्जन (जाहिरातीतून झालेली खरेदी किंवा चौकशी) येत असतील तर स्मार्ट बिडिंगला, म्हणजे आपोआप बोली लावणाऱ्या यंत्रणेला, शिकायला पुरेसा डेटाच मिळत नाही. इंटरनेटवर तयार उत्तरांच्या याद्या फिरतात, त्यांच्याही नादी लागू नका. मुलाखतीत ‘हा पेन विका’ आता कमीच विचारतात. ‘हा रिपोर्ट बघा आणि क्लायंटला फोनवर काय सांगाल ते सांगा’ म्हणतात, आणि पाठांतर तिथे दोन मिनिटांत उघडं पडतं.

प्रिंट आणि रेडिओ यात नाहीतच, त्यामुळे कॉलम सेंटिमीटरचा दर किंवा स्पॉटचे सेकंद वेगळे शिकावे लागतील. टीव्हीकडे जाणार असाल तर जीआरपी (ग्रॉस रेटिंग पॉइंट) पक्का करा: 40 टक्के रीच, म्हणजे तेवढ्या लोकांपर्यंत जाहिरात पोचली, आणि फ्रिक्वेन्सी 3, म्हणजे त्यांनी ती सरासरी 3 वेळा पाहिली; गुणाकार केला की 120 जीआरपी.

सगळ्यात मोठी उणीव आहे ती कागदपत्रांची. सौदा तोंडी ठरतो, पण पैसे मिळतात ते रिलीज ऑर्डरवर, म्हणजे जाहिरात लावायच्या लेखी ऑर्डरवर. त्यात तारखा, जागा किंवा स्लॉट, साइज, दर, एजन्सी कमिशन, कर, पेमेंटची मुदत, क्रिएटिव्ह (तयार जाहिरात) कधीपर्यंत द्यायचं आणि रद्द केल्यास काय, हे सगळं लागतं. डिजिटलमध्ये आणखी एक ओळ हवीच: इम्प्रेशनची मोजणी कुणाच्या सर्व्हरची धरायची, जाहिरात दाखवणाऱ्याच्या की क्लायंटच्या. दोन्ही बाजूंचे आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. 10 टक्क्यांपर्यंतचा फरक सहसा धरून चालतात, त्यावर गेला की बिल अडकतं. इम्प्रेशन कमी पडली तर ती पुढच्या तारखांना भरून देणार की पैसे वजा करणार, तेही तिथेच लिहून घ्या. नवखे विक्रेते फसतात ते इथे. विक्री झालेली असते, टार्गेटमध्ये धरलेली असते, आणि तीन महिन्यांनी वसुलीसाठी तेच फेऱ्या मारत असतात.

म्हणून सर्च आणि मेजरमेंट हे दोन विषय आधी उरका. डिस्प्ले किंवा व्हिडिओ नोकरी कुठल्या माध्यमात मिळते ते बघून घ्या. बाकीचा वेळ कुठल्याही माध्यमाचं रेट कार्ड समोर ठेवून एका काल्पनिक क्लायंटसाठी प्रपोजल आणि रिलीज ऑर्डर स्वतःच्या हाताने बनवण्यात घाला. मुलाखतीला जाताना सर्टिफिकेटच्या लिंकसोबत ते दोन कागदही न्या.