पहिल्या सर्व्हिसचे बिल झाले, ऑइल मात्र बदललेच नाही

नव्या मोटारसायकलचे पहिले ऑइल बदलण्यासाठी माझ्याकडून १,४५५ रुपये घेण्यात आले आणि प्रत्यक्षात ऑइल बदलण्यातच आले नाही. रक्कम काहींना किरकोळ वाटेल. मी एकवीस वर्षे एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात इतरांची व्हाउचरे तपासतो आणि स्वतःच्या बिलातली धडधडीत खोटी ओळ मला दिसली नाही, याची मला रकमेपेक्षा अधिक लाज वाटते. तरीही लिहीत आहे, कारण आमच्याच विभागातील दोघांनी नुकत्याच शंभर सीसीच्या गाड्या घेतल्या आहेत आणि त्यांची पहिली सर्व्हिस त्याच ठिकाणी होणार आहे.

गाडी साधी, शंभर सीसीची, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असलेली. रस्त्यावर आणेपर्यंत ८७,४०० रुपये पडले, त्यांपैकी ४०,००० रोख आणि उरलेले अठरा हप्त्यांत. घर ते कारखाना जाऊन-येऊन ३४ किलोमीटर होतात. पुस्तिकेत रनिंग-इनच्या, म्हणजे नवे इंजिन रुळण्याच्या, काळासाठी जे सांगितले आहे ते मी अक्षरशः पाळले: ताशी ५० किलोमीटरच्या वर गेलो नाही, सकाळी गाडी सुरू करताच पीळ दिला नाही, मागे कोणाला बसवले नाही. पहिली सर्व्हिस ५०० ते ७५० किलोमीटरच्या दरम्यान किंवा साठ दिवसांच्या आत, यांपैकी जे आधी होईल तेव्हा करायची होती. मी ६१२ किलोमीटरवर, एकेचाळिसाव्या दिवशी गाडी घेऊन गेलो. निष्काळजीपणा माझ्याकडून झाला नाही, हे मला आधीच नोंदवायचे आहे, कारण पुढे प्रत्येकाने मलाच निष्काळजी ठरवले.

हे पहिले ऑइल पुढच्या दहा वेळच्या ऑइलपेक्षा महत्त्वाचे असते. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांवर घासून बसत असतात, गिअरचे दातही एकमेकांशी जुळत असतात, आणि त्या घासण्यातून निघणारा धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो. अशा गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा या तिघांना एकच ऑइल पुरते. माझ्या गाडीत कागदी फिल्टर नाही. तारेची जाळी आणि चुरा बाहेरच्या बाजूला फेकणारी फिरती चकती एवढेच आहे. त्यामुळे तो चुरा बाहेर काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ऑइल पूर्ण काढून टाकणे. नेमके तेच काम माझ्या गाडीवर झाले नाही.

सेवाकेंद्र अधिकृत होते. काउंटरवरील तरुणाने अदबीने बसवले, १०डब्ल्यू-३० ऑइलचा सीलबंद डबा समोर ठेवला आणि म्हणाला, "काका, लेबर फ्री आहे, फक्त ऑइलचे पैसे." त्यानंतर त्याने दोन गोष्टी पुढे केल्या. एक इंजिन फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुण्याचे द्रव्य, आणि दुसरे इंजिन कोटिंग, म्हणजे घर्षण कमी करण्यासाठी ऑइलमध्ये मिसळायचे द्रव्य. मी नको म्हणालो, तेव्हा त्याने सांगितले, "रनिंग-इनमध्ये हे केलं नाही तर पुढं ॲव्हरेज मिळत नाही, आणि मग कंपनी वॉरंटीत कटकट करते." वॉरंटी हा शब्द ऐकल्यावर मी होकार दिला. अठरा हप्ते डोक्यावर असलेला कोणताही माणूस तिथे होकारच देईल. मोफत सर्व्हिस म्हणजे केवळ मजुरी मोफत, हे मला ठाऊक होते. पण सहाशे किलोमीटर चाललेल्या इंजिनात धुऊन काढण्यासारखी काजळीच साचलेली नसते, हे मला कोणी सांगितले नव्हते. गाडीची पुस्तिका उघडून पाहिली असती तर ऑइलमध्ये कोणतेही ॲडिटिव्ह मिसळू नये असे स्पष्ट छापलेले दिसले असते. ती पुस्तिका माझ्या पिशवीत होती. तुम्ही ती काउंटरवर उघडून ठेवा आणि तिच्यात नसलेल्या प्रत्येक कामाला नकार द्या.

आत जाण्यास मनाई होती. काचेपलीकडे रॅम्पवर गाडी चढलेली दिसत होती, पण इंजिनाची खालची बाजू माझ्याकडून दिसत नव्हती. एक तास पन्नास मिनिटांनी गाडी धुऊन, चकचकीत करून बाहेर आणली. मी म्हणालो, ऑइल दाखवा. त्या मुलाने गाडी डबल स्टँडवर घेतली, ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी, म्हणजे डीपस्टिक, काढली आणि पांढऱ्या चिंधीवर टेकवली. चिंधीवर काळा डाग पडला. तो तपकिरी नव्हता आणि मधासारखा तर मुळीच नव्हता. काजळाच्या डबीत बोट बुडवून पुसल्यासारखा काळाकुट्ट डाग होता. मी विचारले, "नवीन ऑइल असं कसं?" तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "नव्या इंजिनात ऑइल लगेच काळं पडतं, काका."

मी फसलो तो त्या क्षणी. गेले तीन महिने मी ती चिंधी डोळ्यांसमोरून हलवू शकलेलो नाही. उत्तर मला पटले, त्यामागे माझे अज्ञान नव्हते, अर्धवट ज्ञान होते. गावाकडे भावाचा ट्रॅक्टर आहे आणि त्याचे ऑइल बदलले की ते पहिल्या काही तासांतच काळे होते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. डिझेलची काजळी ऑइलला लगेच काळे करते. पेट्रोलच्या लहान इंजिनात नवीन ऑइल घालून दहा मिनिटे गाडी फिरवली तर तळाशी राहिलेल्या थोड्या जुन्या ऑइलमुळे रंग किंचित गडद होईल, पण ऑइल पारदर्शकच राहील आणि डीपस्टिकवरच्या खुणा त्यातून दिसतील. मला त्या खुणा दिसत नव्हत्या. मी चिंधीकडे पाहत होतो आणि मनात ट्रॅक्टर आठवत होतो.

रिकामा डबा मागितला, तर "ते कंपनीला परत जातात" असे उत्तर मिळाले. हेही खोटे होते. डब्याचे पैसे तुम्ही मोजलेले असतात, डबा तुमचाच असतो. तो मागा, आणि तुमच्या देखत सील फोडूनच ऑइल ओतायला लावा.

बिलात पुढील रकमा होत्या: इंजिन ऑइल एक लिटर ४६०, इंजिन फ्लश २२०, इंजिन कोटिंग ३८५, कूलंट टॉप-अप १५०, ड्रेन वॉशर २०, चेन सफाई आणि ग्रीस १३०, कंझ्युमेबल्स ९०. रात्री नेहमीप्रमाणे घरखर्चाच्या वहीत मी हे सगळे उतरवून काढले आणि "कूलंट १५०" ही ओळ स्वतःच्या हाताने लिहिली. माझी गाडी हवेवर थंड होते. तिला रेडिएटर नाही, पाण्याची टाकी नाही, कूलंट घालायला जागाच नाही. बेरीज बरोबर आली म्हणून मी वही मिटली. हिशेब तपासणाऱ्या माणसाने बेरीज पाहिली आणि बाब पाहिली नाही, ही चूक मी कोणाच्या माथी मारू शकत नाही.

९४० किलोमीटरच्या सुमारास गिअर घट्ट पडू लागला आणि इंजिनातून कोरडी खरखर ऐकू येऊ लागली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुने गॅरेज आहे. तेथील मिस्त्रींनी गाडीखाली बॅटरी धरली आणि पाना हातात घेण्याआधी मला खाली वाकायला सांगितले. ज्यातून जुने ऑइल काढतात त्या ड्रेन बोल्टवर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ होती. ती बोल्टच्या डोक्यावरून सरळ इंजिनाच्या अंगावर उतरली होती आणि कुठेही तुटलेली नव्हती. "सर, गाडी कंपनीतून आल्यापासून हा बोल्ट फिरलेलाच नाही. आधी फोटो काढा." मी दोन फोटो काढले. त्यांत गाडीचा क्रमांक येईल असे पाहिले नाही, ही माझी आणखी एक चूक. तुम्ही एकच सलग चित्रफीत काढा, क्रमांकाच्या पाटीपासून सुरुवात करून, मीटरचा आकडा दाखवत, बोल्टपर्यंत.

पान्याच्या पहिल्याच झटक्यात ती पिवळी रेघ तडकली. खाली ठेवलेल्या मापाच्या भांड्यात ७४० मिलिलिटर ऑइल उतरले. पुस्तिकेप्रमाणे ऑइल बदलताना ९०० मिलिलिटर लागते. माझ्याकडून पैसे घेतले होते एक लिटरचे. मिस्त्रींनी ते ऑइल उन्हात नेले आणि दोन बोटांत चोळून दाखवले. बोटांच्या रेषांमध्ये करडी चमक भरून राहिली होती, गुलाल पुसल्यावर उरते तशी. हा चुरा घेऊन मी ३२८ किलोमीटर अधिक फिरलो होतो. मग त्यांनी बिल वाचले आणि शांतपणे विचारले, "हे कूलंट कुठं घातलं म्हणे?" मला उत्तर देता आले नाही.

कोटिंगबद्दल त्यांनी जे सांगितले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडलेला असतो, म्हणून ऑइल फार निसरडे असून चालत नाही. घर्षण कमी करणारे द्रव्य मिसळले तर प्लेटा घसरू लागतात. याच कारणासाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ ही मोटारसायकलच्या ऑइलची दर्जाखूण पाहून घ्यावी आणि कारचे ऑइल दुचाकीत घालू नये. म्हणजे ३८५ रुपयांची ती वस्तू घातली नसेल तर मला लुबाडले, आणि घातली असेल तर माझ्या गाडीचे नुकसान केले. गॅरेजमध्ये ९०० मिलिलिटरचा डबा ३९५, वॉशर १० आणि मजुरी १००, असे ५०५ रुपये झाले. सगळे काम माझ्या डोळ्यांदेखत झाले.

सेवाकेंद्राच्या व्यवस्थापकाने कूलंटची ओळ "टायपिंगची चूक" ठरवली आणि १५० रुपयांचे कूपन पुढे केले, तेही पुढच्या सर्व्हिसला वापरण्याचे. ऑइलचा विषय काढताच त्याचा आवाज बदलला. बाहेर बोल्ट उघडला म्हणजे वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो, असे त्याने मलाच सुनावले. जॉब कार्डची प्रत मागितली, तर त्यात काम करणाऱ्या मेकॅनिकचे नावच कोरे होते. कूपन मी घेतले नाही. तुम्हीही घेऊ नका. ते स्वीकारले की तक्रार मिटली असे लिहून घेतले जाऊ शकते.

त्यानंतर जे घडले त्याचा संताप मूळ फसवणुकीपेक्षा कमी नाही. कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी "आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवली आहे" असा संदेश आला. त्या चार दिवसांत मला एकही फोन आला नव्हता. पुन्हा नोंदवली, पुन्हा तोच संदेश. पोलीस ठाण्यात अर्धा दिवस बसवून ठेवल्यावर हा दिवाणी वाद आहे असे सांगण्यात आले. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे, असे मी म्हणालो, तर समोरच्या हवालदारांनी "चौदाशे रुपयांसाठी साहेबांचा वेळ घेऊ नका" असे उत्तर दिले. परिवहन कार्यालयाने सांगितले की त्यांचा संबंध नोंदणीशी, दुरुस्तीशी नाही. मापाची तक्रार म्हणून वैधमापनाच्या कार्यालयात गेलो. तेथे डबा सीलबंद असल्यास त्यावरील वजन-किंमत आम्ही पाहू, पण ऑइल ओतलेच नाही हे आमच्या कक्षेत येत नाही, असे उत्तर मिळाले. तीन कार्यालयांत तीन रजा गेल्या. प्रत्येक टेबलामागच्या माणसाने माझे बिल हातात घेतले, कूलंटची ओळ वाचली, मान हलवली आणि मला पुढच्या टेबलाचा पत्ता दिला. असे किती जण दुसऱ्या टेबलापर्यंत पोहोचत असतील? हे सेवाकेंद्रवाल्यांना पक्के माहीत आहे आणि रक्कम दीड हजाराच्या आत ठेवण्याचे कारण तेच आहे, असे माझे मत झाले आहे.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा आणि सेवाकेंद्राला स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवावी, कारण तोंडी बोलणे कोणीही कबूल करत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही.

मी तक्रार दाखल केली आहे. काढलेल्या ऑइलपैकी साधारण २०० मिलिलिटर ऑइल मी काचेच्या बाटलीत भरून, मिस्त्रींच्या सहीची चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवले आहे. आता तिच्या तळाशी करडा थर बसला आहे. तक्रारीत मी १,४५५ अधिक ५०५ असे १,९६० रुपये मागितले आहेत, आणि त्या एक तास पन्नास मिनिटांत माझ्या गाडीवर कोणी काय काम केले, याचे नावानिशी लेखी उत्तर मागितले आहे.